समुद्रघोड्याला कोण खातं?

सुट्टीत कोकणात नानीकडे गेलेल्या सातवीतल्या एका मुलाने येताना मिठाईच्या डब्यातून वाळलेला समुद्रघोडा आणला. बंदरावर जाळी झाडल्यावर पडलेल्या कचऱ्यात तो सापडला होता. सगळा वर्ग डब्याभोवती जमला. एकीने त्याला ‘दर्याई घोडा’ म्हटलं. मी म्हटलं, बेटा, उर्दूत दर्याई घोडा म्हणजे हिप्पोपोटेमस, तो डब्यात मावायचा नाही! हा घोड्याच्या तोंडाचा मासा आहे.

मग नेहमीचा प्रश्न आला, “टीचर, याला कोण खातं?”

खाणारे तसे थोडेच. कातडीखाली हाडांच्या चकत्यांचं चिलखत आणि अंगावर मांस जेमतेम. तरी खेकडे, पाकट खातात. पेंग्विनही सोडत नाहीत. पळून जाणं याच्या नशिबात नाही. पाठीवरचा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा हलतो, पण अंतर काही कापलं जात नाही. म्हणून समुद्री गवताला शेपटीने घट्ट धरायचं, त्याच्यासारखाच रंग घ्यायचा आणि गप्प राहायचं. दात नाहीत, जठरही नाही. त्यामुळे दिवसभर सोंडेने बारीक जीव ओढत राहावं लागतं.

खरी अडचण वादळात येते. उपटलेल्या शेवाळाला धरून हा खोल समुद्रात वाहत जातो. तिथे ट्यूना, म्हणजे आपला कुपा, आणि डोराडो हे मोठे शिकारी मासे फिरत असतात. तरंगत्या शेवाळाखाली भक्ष्य मिळतं हे डोराडोला पक्कं ठाऊक. किनाऱ्यावर ज्याने लपवलं, तेच इथे पत्ता सांगतं. या दोन्ही माशांच्या पोटात समुद्रघोडे सापडले आहेत.

पिल्लं बापाच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात, हे सांगितल्यावर मुली खूप हसल्या. एका वेळी शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि त्याच क्षणापासून पोरकी होतात. हजारातली मोजकीच मोठी होतात. बाकीची माशांच्या पोटात जातात, आणि तरीही ही जात टिकून आहे.

तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्याचं तसं नाही. ते गवतासकट सगळं ओढून आणतं. तिथे रंग बदलून काय उपयोग? जगभरात दरवर्षी कोट्यवधी समुद्रघोडे असे निघतात. बरेचसे वाळवून चिनी औषधांसाठी जातात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, पाल्कच्या उपसागराकडे, हा धंदा मोठा होता. 2001 मध्ये भारताने समुद्रघोडा वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आणला. पकडणं, विकणं गुन्हा ठरलं. 2004 पासून परदेशी व्यापारावरही नियंत्रण आहे. तरी चोरटा माल पकडल्याच्या बातम्या येतातच.

हे ऐकून डबेवाल्याचा चेहरा उतरला. “टीचर, मी तर फक्त उचलला. मला पोलीस नेतील?”

त्याने घरून मामूंना फोन केला. ते मासेमारीला जातात. म्हणाले, जिवंत दिसला तर आम्ही परत पाण्यात टाकतो, पण जाळं वर येईपर्यंत जिवंत राहतो कुठे?

डबा सध्या हेडमास्तरांच्या कपाटात आहे. वनखात्याला पत्र सातवीच लिहिते आहे. पहिल्याच ओळीत ‘सापडला’ लिहायचं की ‘उचलला’, यावर दोन दिवस वाद चालू आहे.