पन्नास रुपयांचा सेल आणि बारा हजारांची चावी

गेल्या महिन्यात आम्ही केदारखेड्याला बहिणीकडे गेलो होतो. एरवी आम्ही ओट्यावर पाय ठेवायच्या आत ‘मामा आले’ म्हणत हातातली पिशवी घेणारा भाचा त्या दिवशी बाजेवर मान खाली घालून बसलेला. बहिणीचे डोळे सुजलेले. विचारले तर तिने कपाटातून एक कागद काढून आमच्यापुढे धरला.

आम्ही कारकून माणूस. कागद दिसला की आधी वाचतो, चहा नंतर. त्यावर टाईप केलेले होते, ‘माझ्या हलगर्जीपणामुळे गाडीची चावी खराब झाली असून तिची किंमत रु. १२,०००/- माझ्या पगारातून चार हप्त्यांत कापून घेण्यास माझी हरकत नाही.’ खाली सहीसाठी जागा मोकळी.

भाचा जालन्यात एका ठेकेदाराच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. गाडी नवी, भारीतली. चावी म्हणजे काळी प्लॅस्टिकची डबी. ती खिशात असली की दाराच्या मुठीला हात लावताच दार उघडते आणि बटण दाबले की इंजिन सुरू होते. आदल्या दिवशी तो गावातल्या एका लग्नाला गाडी घेऊन आला. निघायच्या वेळी दार उघडेना. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. चार जणांनी चार सल्ले दिले, एकाने तर काच फोडायला दगडही उचलला. शेवटी मालकाने दुसरी चावी माणसाकरवी पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी हा कागद हातात ठेवला.

आम्ही म्हटले, सही करू नकोस. आधी चावीला झाले काय ते तर पाहू.

गल्लीतला एक मुलगा शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. जालना रस्त्यावरच्या या शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या २००१ सालापासून जोडल्या जातात. आपल्या भागातली कितीतरी पोरे त्या पट्ट्यात राबतात, गाड्या बनवतात, आणि त्या गाडीची चावी कशी चालते हे मात्र त्यांच्याच घरात कोणाला ठाऊक नसते. त्या मुलाने डबी हातात घेतली, बाजूची खिट्टी सरकवली आणि आतून सरळ साधी लोखंडी किल्ली बाहेर ओढली. भाचा बघतच राहिला. सहा महिने ती डबी खिशात वागवली, पण पोटात किल्ली आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मग मुलाने नाण्याने डबी उघडली. आत रुपयाएवढा चपटा सेल, त्यावर नंबर सीआर २०३२. भोकरदनला घड्याळाच्या दुकानात तसाच सेल पन्नास रुपयांना मिळाला. घातला, आणि गाडी बोलू लागली.

बारा हजारांचा हलगर्जीपणा तो एवढाच.

हे सगळे चालते कसे ते आम्ही त्या मुलाकडून आणि नंतर पुस्तके चाळून समजून घेतले. वाचकहो, आपल्या घराघरांत आज कोणी ना कोणी स्टिअरिंगवर बसतो, म्हणून ते इथे सांगतो.

पूर्वीच्या जीपला चावी म्हणजे नुसते निमित्त. दोन वायरी जुळवल्या की गाडी चालू. आजही पुष्कळ ट्रॅक्टर एकाच तऱ्हेच्या चावीने सुरू होतात, हे आपण पाहतोच. चोऱ्या वाढल्या तेव्हा युरोपात १९९० च्या दशकात चावीच्या डोक्यात एक बारीक चिप बसवायला सुरुवात झाली. या चिपला सेल लागत नाही. चावी भोकात घातली की भोकाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला जागच्या जागी वीज मिळते आणि ती आपली ओळख गाडीला सांगते. ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. म्हणून बसस्टँडजवळच्या चावीवाल्याने दात हुबेहूब कापून दिले तरी त्या चावीने दार उघडेल, गाडी हलणार नाही. चिपची नोंद गाडीत करायला वेगळे मशीन लागते, आणि चावी महाग पडते ती त्यामुळेच.

दुरून दार उघडणारे बटण त्याच्याही आधीचे. फ्रान्समध्ये १९८२ साली रेनो कंपनीच्या एका गाडीला ते आले. आजच्या बटणातला परवलीचा शब्द दर वेळी बदलतो. पहारेकऱ्याला काल सांगितलेला शब्द आज चालत नाही, तसेच. कोणी तो हवेतून चोरून टिपून ठेवला तरी दुसऱ्यांदा तो कामाचा राहत नाही. खिशातून न काढता चालणारी चावी मर्सिडीजने १९९८ च्या सुमारास आपल्या महागड्या गाडीत दिली, आणि आता ती मध्यम किमतीच्या गाड्यांपर्यंत उतरली आहे. हिच्यात हाक गाडी मारते. मुठीला हात लागला की गाडी जेमतेम दीड मीटरपर्यंत पोचेल अशी हलकी हाक देते, खिशातली चावी जागी होते आणि उत्तर देते. उत्तर द्यायला सेल लागतो. भाच्याची चावी मुकी झाली ती इथे.

पण सेल संपला तरी ती मघाची बिनसेलची चिप आत असतेच. म्हणून दार लोखंडी किल्लीने उघडायचे (काही गाड्यांत किल्लीचे भोक मुठीखालच्या टोपणामागे लपवलेले असते), आत बसून डबी स्टार्टच्या बटणाला टेकवायची आणि बटण दाबायचे. काही गाड्यांत डबी ठेवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. दार उघडताना भोंगा वाजला तर घाबरू नये, गाडी सुरू झाली की बहुधा तो थांबतो.

आता चोरीचे. स्वित्झर्लंडच्या झुरिक येथील तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर एक प्रयोग केला. आपल्याकडे बांधावरून बांधावर हाळी देतात ना, मधल्याने ऐकायचे आणि पुढच्याला ओरडून सांगायचे? तसेच त्यांनी गाडीची हाक एका यंत्राने उचलून लांब असलेल्या चावीपर्यंत पोचवली आणि तिचे उत्तर गाडीकडे परत आणले. चावी जवळच आहे असे समजून दहाही गाड्या उघडल्या आणि सुरू झाल्या. परदेशात चोर हीच युक्ती वापरतात. एक जण घराच्या भिंतीशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी.

आमच्या पोटात गोळा आला तो हे वाचून. मालकाची गाडी रात्री भाच्याच्या दारात उभी असते आणि चावी दाराजवळच्या खिळ्याला. मध्ये पत्र्याची भिंत. उद्या गाडी गेली, काच फुटलेली नाही, कुलूप तुटलेले नाही, तर पोलीस पहिल्यांदा कोणाला उचलणार? त्यावर उपाय फुकटातला आहे. चावी घरात आतल्या बाजूला, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवावी. पोलादाच्या जालन्यात डब्याला तोटा नाही. डबा हातात घेऊन गाडीजवळ उभे राहावे आणि मुठीला हात लावावा. दार उघडले तर डबा बदलावा.

चिपमधली कोडी फोडता येतात हे सांगणाऱ्यांची तोंडेही बंद झाली होती. ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या तीन संशोधकांनी एका प्रसिद्ध चिपमधला दोष शोधला, तर २०१३ साली फोक्सवॅगनने लंडनच्या न्यायालयातून त्यांचा निबंध रोखला. तो छापला गेला २०१५ साली, तोही एक वाक्य वगळून. कंपन्यांचे म्हणणे, चोरांना कळेल. आमचे म्हणणे, चोरांना कळतच असते, कळत नाही ते ड्रायव्हरला.

विम्याचीही गोष्ट ड्रायव्हरवर येऊन थांबते. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि एक कमी भरली तर शंका काढते. म्हणून नोकरीवर लागताना आपल्या ताब्यात किती चाव्या दिल्या ते लिहून घ्यावे, सोडताना परत केल्याची पोच घ्यावी. एका ट्रकचा ड्रायव्हर पत्ता विचारायला खाली उतरला, चावी ट्रकातच राहिली आणि ट्रक गेला. कंपनीने भरपाई नाकारली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने पंचाहत्तर टक्के भरपाई मालकाला द्यायला लावली. पण तिथवर जायला किती वर्षे आणि किती चपला झिजतात!

आणखी एक गंमत, म्हटली तर. अशा गाडीत मालकाला जालना स्टेशनवर सोडून ड्रायव्हर खाली उतरला आणि चावी खिशात घेऊन चहाला गेला, तरी इंजिन चालूच राहते. मालक स्वतः गाडी घेऊन निघाला तर गाडी नुसती टुंटुं करते, थांबत नाही. पुढे कुठे त्याने इंजिन बंद केले की मग ती पुन्हा सुरू होत नाही, आणि शिव्या येतात त्या ड्रायव्हरला. उतरताना खिसा चाचपावा.

भगिनींसाठी एक कळकळीची गोष्ट. चावी लेकरांच्या हाती खेळायला देऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या रांढिया गावात शेतमजुराची चार भावंडे शेतमालकाच्या उभ्या गाडीत अडकली आणि गुदमरून गेली. वये दोन ते सात. आईबाप कामावर गेले होते. ज्यांच्या दारात गाडी उभी असते त्यांनी ती रोज कुलूपबंद आहे का पाहावे, आणि मुलांना हॉर्न कुठे असतो ते दाखवून ठेवावे. पुष्कळ गाड्यांत हॉर्न चावीवाचूनही वाजतो.

सोमवारी आम्ही भाच्याबरोबर मालकाकडे गेलो. जुना सेल आणि पन्नास रुपयांची पावती टेबलावर ठेवली, चावीने दार उघडून दाखवले. मालक थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘मलाही माहीत नव्हते हो, एजन्सीवाल्याने सांगितलेच नाही.’ पन्नास रुपये त्यांनी लगेच दिले. गाडीचे इंग्रजी पुस्तक आम्ही मागून आणले. त्यातली चावीची पाने दोन संध्याकाळी बसून मराठीत उतरवली. भाच्याने त्याच्या झेरॉक्स काढल्या, आता जालन्यातले त्याचे सोबती आणखी मागताहेत. तो टाईप केलेला कागद आमच्या फायलीत आहे, सहीची जागा तशीच मोकळी.