निकालपत्र म्हणजे इतिहास नव्हे : खैरलांजी आणि गुन्हेकथांचे पॉडकास्ट

१/ थ्रेड : खटल्यांवर आधारित गुन्हेकथांचे पॉडकास्ट सध्या आवडीने ऐकले जातात. गुन्हा, तपास, साक्षी, निकाल या क्रमाने कथा सांगितली जाते आणि शिक्षा सुनावली गेली की भाग संपतो. भंडारा जिल्ह्यातील एक खटला मात्र या साच्यात बसत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने तो का वाचावा, याविषयी थोडे.

२/ २९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी. भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावातील जमावाने हत्या केली. मृतदेह कालव्यात टाकण्यात आले. वडील भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले.

३/ तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, विजयादशमी होती. धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. शेजारच्या जिल्ह्यातील हे हत्याकांड तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांपर्यंत पोहोचलेही नव्हते. नोव्हेंबरमध्ये विदर्भातील रस्त्यांवर संताप उसळला, तेव्हा कुठे देशाने दखल घेतली आणि तपास सीबीआयकडे गेला.

४/ खटला भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयात चालला. सप्टेंबर २००८ मध्ये अकरा आरोपींपैकी आठ दोषी ठरले आणि तिघे सुटले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना २५ वर्षांची सक्तमजुरी दिली.

५/ पॉडकास्टचा भाग बहुधा येथेच संपेल. इतिहासाचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे या खटल्यात टिकली नाहीत. पूर्ववैमनस्यातून घेतलेला सूड, असे या हत्यांचे स्वरूप ठरले. कट आणि विनयभंग हे आरोपही सिद्ध झाले नाहीत.

६/ सूडाचे कारण खोटे नव्हते. जमिनीचा वाद होता. शिवाय आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात मायलेकींनी आरोपींना ओळखले होते. पण दलित स्त्री साक्ष द्यायला उभी राहते याचा राग एवढा का यावा? ‘सूड’ या शब्दाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तो झाकला मात्र जातो.

७/ न्यायालय आपल्यापुढे आलेल्या पुराव्यावरच बोलते, आणि ते योग्यच आहे. पण पुरावा आपोआप तयार होत नसतो. येथे पुरलेले मृतदेह उकरून दुसऱ्यांदा शवविच्छेदन करावे लागले. आरंभी जे नोंदले गेले नाही, ते निकालपत्रात येणार कोठून? म्हणून ‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘घडलेच नाही’ असे नव्हे. त्याचप्रमाणे ‘घडले असावे’ म्हणजे ‘सिद्ध झाले’ असेही नव्हे.

८/ निवेदकांचे भान सुटते ते नेमके येथे. काही जण निकालालाच अंतिम सत्य मानतात. काही जण मृत स्त्रियांच्या देहावरील अत्याचारांची ऐकीव वर्णने पार्श्वसंगीतासह रंगवतात. पहिल्यांच्या कथनातून जात नाहीशी होते, दुसऱ्यांच्या कथनातून मृतांची प्रतिष्ठा.

९/ याहून चांगले काम होऊ शकते. अमेरिकेतील ‘इन द डार्क’ या पॉडकास्टने २०१८ मध्ये मिसिसिपीतील कर्टिस फ्लॉवर्स याच्या खटल्याचा शोध घेतला. चार जणांच्या हत्येसाठी त्याच्यावर सहा वेळा खटला चालवला गेला होता. पत्रकारांनी २६ वर्षांच्या ज्यूरी-निवडीच्या नोंदी तपासल्या. सरकारी वकिलाच्या कार्यालयाने कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या सुमारे साडेचार पट प्रमाणात वगळले होते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरी-निवडीतील वर्णभेदाच्याच मुद्द्यावर त्याची दोषसिद्धी रद्द केली.

१०/ तेथे वर्णभेद सापडला तो नोंदवहीत. आपल्याकडेही फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, दोषारोपपत्र आणि निकालपत्र क्रमाने वाचले, तर कोणता प्रश्न कोठे गळाला हे दिसते. ते श्रोत्यांना सांगणे हे निवेदकाचे काम आहे. काय सिद्ध झाले, काय झाले नाही आणि काय तपासलेच गेले नाही, हे तीन रकाने वेगळे ठेवले तरी पुष्कळ.

११/ भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयातील अपील प्रलंबितच होते. त्यांच्या दृष्टीने हा खटला संपलाच नव्हता. मग शिक्षेचा आकडा सांगून आपण तो संपला असे कसे म्हणावे?