ऑपरेशन बाईनेच का करायचे?

आजची स्त्री घराबाहेर पडली आहे. ती शिक्षिका आहे, तलाठी आहे, एस.टी.त कंडक्टर आहे. २०११ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. हा बदल लहान नाही. पण 'आता मूल नको' असे सांगायला जोडपे माझ्यासमोर येऊन बसते, तेव्हा ऑपरेशन कोणाचे हे घरूनच ठरून आलेले असते. "हिचंच करा, डॉक्टर." बाई सरपंच असो की शेतमजूर, या वाक्यात फरक पडत नाही.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बोलके आहेत. देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांचे ऑपरेशन झालेले होते. नवऱ्याची नसबंदी झालेल्या स्त्रिया होत्या हजारात तीन. कुटुंबनियोजन ही बायकांची बाब आहे, असे सुमारे ३५ टक्के पुरुषांनी याच पाहणीत मान्य केले.

वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर हे उलटे आहे. स्त्रीच्या गर्भनलिका पोटाच्या आत असतात. तेथे पोहोचायचे तर पोट उघडावे लागते किंवा दुर्बिणीसाठी छिद्र पाडावे लागते. पुरुषाच्या वीर्यवाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात. बिनटाक्याच्या नसबंदीत तेवढीच जागा बधिर करतात, बारीक छिद्रातून काम होते आणि अर्ध्या तासाच्या आत माणूस मोकळा होतो, त्याच दिवशी घरी जातो. त्यात आपल्याकडे निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. म्हणजे अशक्त माणसाला मोठे ऑपरेशन आणि धडधाकट माणसाला सूट! २०१४ साली छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात अशा शिबिरांनंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या, हे विसरता येत नाही.

हे पूर्वीपासून असेच होते का? नाही. १९७१ साली केरळातील एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात साठ हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. घात केला तो आणीबाणीने. १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. त्यांत सक्ती इतकी झाली की लोक बिथरले. पुढे सरकारने पुरुषांचे नाव काढणे सोडले आणि सगळा भार गुपचूप बायकांवर सरकला. बाई तक्रार करणार नाही, हे सर्वांनी गृहीत धरले.

पुरुषांच्या मनातली भीती मात्र अजून गेलेली नाही. "ताकद जाईल, जड काम होणार नाही, मर्दपणा कमी होईल." वाचकहो, यातले काहीही खरे नाही. नसबंदीत फक्त शुक्रजंतूंची वाट बंद होते. पुरुषत्वाचे संप्रेरक थेट रक्तात मिसळते, ते पूर्वीसारखेच तयार होत राहते. कामेच्छा, दाढीमिशा, अंगातले बळ, सगळे जागच्या जागी राहते. शिवाय सासूबाई जेव्हा म्हणतात, "त्याला ओझी उचलायची असतात," तेव्हा मी विचारतो, पाण्याचे हंडे आणि सरपणाचा भारा कोण उचलतो?

काही गोष्टी मात्र पाळाव्यात. पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, आठवडाभर जड काम व सायकल टाळावी. थोडी सूज किंवा दुखणे असते. ताप आला किंवा सूज वाढत गेली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नसबंदी त्याच दिवशी लागू पडत नाही. तीन महिने निरोध वापरावा आणि वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत याची खात्री करावी. हे न केल्याने दिवस राहतात आणि संशय बिचाऱ्या बायकोवर जातो. हा उपाय कायमचा आहे, म्हणून निर्णय दोघांनी विचार करून घ्यावा.

सक्ती कोणावरच नको, पुरुषावर नको तशी बाईवरही नको. पण नऊ महिने पोटात वाढवणे, बाळंतकळा सोसणे आणि अंगावर पाजणे हे तिच्याच वाट्याचे आहे. त्यात नवऱ्याला भागीदार होता येत नाही. ज्यात होता येते, असे हे एक काम आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा "हिचंच करा" म्हणण्याआधी "माझं करता येईल का?" एवढे विचारून पाहा.