पुरुषांचे हार्मोन, लेण्यांची वाट आणि हातातला कॅमेरा

पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २१ वर्षे रक्त घेण्याचे काम करतो आहे. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, कावीळ या रोजच्या तपासण्या. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र एक नवा पेशंट दिसू लागला आहे. वय पंचविशीपासून पन्नाशीपर्यंत कितीही. काउंटरवर ताई बसल्या असतील तर तो बाहेरच घुटमळतो. मी दिसलो की जवळ येऊन हळू आवाजात म्हणतो, "दादा, ते टेस्टोस्टेरॉनचं करायचं होतं." डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की मोबाइल पुढे करतो. त्यात पिळदार दंडांचा एक माणूस विचारत असतो : थकवा येतो का? चिडचिड होते का? पोट सुटलंय का? मग तुमची टी-लेव्हल कमी आहे. खाली पावडरचा डबा आणि त्याची किंमत.

या लक्षणांत आपल्या वस्तीतला कोणता पुरुष बसणार नाही? रात्री सोसायटीच्या गेटवर वॉचमन, दुपारी जेमतेम तीन तास झोप, संध्याकाळी पुन्हा डिलिव्हरीचे काम. थकवा येणारच, चिडचिड होणारच. त्याला हार्मोनचा आजार ठरवून डबा विकणे ही मला सरळ लूट वाटते. ही लूट लाजेच्या जोरावर चालते, म्हणून या पानावर उघड लिहितो आहे. घरातल्या बायाबापड्यांनीही वाचावे, त्यांचाही यात संबंध आहे.

आधी हा हार्मोन म्हणजे काय ते पाहू. टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या वृषणांत, म्हणजे बोलीत ज्यांना आपण गोट्या म्हणतो त्यांत, तयार होतो. पण हुकूम सुटतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी नावाच्या छोट्या ग्रंथीकडून. रक्तात हार्मोन कमी पडला की ती निरोप पाठवते, पुरेसा झाला की निरोप थांबवते. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. टाकी भरली की बॉल वर येतो आणि पाणी बंद होते. तसेच हे. दाढी-मिशा, आवाज, स्नायू, हाडांचा भक्कमपणा, कामेच्छा, रक्तातल्या तांबड्या पेशी, शुक्रजंतू तयार होणे, या सगळ्यांत या हार्मोनचा वाटा आहे. तिशी-चाळिशीनंतर तो दर वर्षी साधारण एक टक्क्याने उतरतो. तो आजार नव्हे. केस पिकतात तसेच ते.

तपासणीचेही एक तंत्र आहे आणि ते न पाळल्यामुळे कित्येक जण उगाच घाबरतात. हा हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतो आणि दिवस कलेल तसा उतरतो. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यावे. ताप किंवा आजारपण असताना देऊ नये. आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासावे, एका रिपोर्टवर काहीच ठरत नाही. बऱ्याच ठिकाणी ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले तर कमी मानतात, पण लॅबप्रमाणे ही रेषा थोडी मागेपुढे होते, आणि नुसता आकडा पुरत नाही, लक्षणेही लागतात. दुपारी चार वाजता वडापाव खाऊन आलेल्या माणसाचे रक्त घेऊन कुणी त्याला औषध सुरू करत असेल तर ते चूक आहे. रात्रपाळी करणाऱ्याने पाळीचे वेळापत्रक डॉक्टरांना आधी सांगावे.

आता एका मुलाची गोष्ट. त्याची परवानगी घेतली आहे, नाव घालत नाही. माझ्या बहिणीच्या गल्लीतला, वय २६. लग्नाआधीपासून जिमला जायचा. तिथल्या ट्रेनरने "कोर्स" म्हणून इंजेक्शने सुरू केली. दंड फुगले, छाती भरली, गल्लीतली पोरे त्याला बघून जिमला जाऊ लागली. लग्न झाले. दोन वर्षे झाली तरी पाळणा हलेना. मग सुरू झाली ती सुनेची तपासणी. तिची सोनोग्राफी दोनदा, रक्त चार वेळा, गर्भनलिकांचा एक्स-रे, तो तर दुखतो. घरात कुणी तोंडावर बोलत नव्हते, पण बारशाला तिला पुढे बोलवायचे बंद झाले होते. आपण स्वतःला या बुरसटलेपणातून बाहेर आलेले समजतो म्हणून हे मुद्दाम लिहितो. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टर मॅडमनी विचारले, "नवऱ्याचं काय तपासलंय?" काहीच तपासले नव्हते. वीर्याची तपासणी झाली. काही शे रुपयांची, सुईसुद्धा टोचत नाही अशी. त्यात शुक्रजंतू शून्य.

हे कसे झाले? बॉलकॉक. बाहेरून इंजेक्शनाने टाकी भरली की पिट्युटरीला वाटते, भरपूर आहे, निरोप थांबवा. निरोप थांबला की वृषणांचे काम बंद पडते, ते आकसतात आणि शुक्रजंतू तयार होईनासे होतात. म्हणजे मर्दानगीसाठी घेतलेले इंजेक्शन बाप होण्याच्या आड येते. त्याशिवाय छातीला गाठी येणे, तोंडभर पुटकुळ्या, रक्त घट्ट होणे, हृदयावर ताण, संताप हे वेगळेच. त्याने इंजेक्शन सोडले आणि डॉक्टरांचे उपचार घेतले, तरी शुक्रजंतू पुन्हा दिसायला वर्षाहून जास्त काळ गेला. ते वर्ष वाईट होते. स्वतःचे तयार होत नाही आणि बाहेरचे बंद, त्यामुळे अंगात जीव नाही, मन उदास, कामावर खाडे. त्याचे निभावले. सगळ्यांचे पूर्ण निभावतेच असे नाही.

मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे काही ना काही कारण असते. सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी तपासणी पुरुषाची आहे. ती सर्वांत शेवटी का होते, याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्यापुरते द्यावे.

कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तो औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा कायदा. तरी रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंती रंगलेल्या असायच्या आणि आता तीच भिंत मोबाइलमध्ये आली आहे.

याचा अर्थ टेस्टोस्टेरॉनचे औषध कुणालाच लागत नाही असा नाही. वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषणांना सूज आलेली माणसे, पिट्युटरीत गाठ असलेली, जन्मतः एक्स गुणसूत्र जादा असलेली, कॅन्सरच्या उपचारांतून गेलेली, यांना ते खरोखर लागू शकते. त्यात लाज कसली? साखरेच्या पेशंटला इन्सुलिन लागते तसेच. फक्त ते हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून, मधूनमधून रक्ताची आणि प्रोस्टेटची तपासणी करत. आणि मूल हवे असेल तर औषध सुरू होण्याआधी तसे स्पष्ट सांगावे.

बाकीच्यांचा हार्मोन बहुधा तीन गोष्टी खातात : पोट, दारू आणि अपुरी झोप. पोटाच्या चरबीत एक रसायन असते, ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर स्त्री-हार्मोनमध्ये करते. म्हणजे पोट वाढले की हार्मोन घटतो. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली की धोक्याची मानतात. पँटची साइज नाही, बेंबीच्या जवळून टेप लावून मोजायची. झोपेबद्दल शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक छोटा प्रयोग छापला होता. दहा धडधाकट तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तर त्यांचा दिवसाचा टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरला. वयाने एवढी घट व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात.

दहा बाय दहाच्या खोलीत, टीव्ही चालू, पोरे अभ्यासाला बसलेली, अशा घरातल्या रात्रपाळीवाल्याला "झोप वाढवा" सांगणे सोपे आहे, हे मला कळते. मी स्वतः अशाच घरात वाढलो. वडिलांच्या डोळ्यांवर आई ओला पंचा टाकायची आणि आम्हाला दोन तास विहाराच्या ओट्यावर पिटाळायची. सगळी पाळी आपल्या हातात नसते. पण रात्री एक वाजेपर्यंत रिल्स बघणे, ते तरी आपल्या हातात आहे.

आणि इथे सहलीचा विषय येतो. गेल्या वर्षापासून आमच्या विहारातली पुरुष मंडळी महिन्यातून एका रविवारी लेण्यांवर जातात. पहिली सहल भाज्याची. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे आणि चालत भाजे गावात, तिथून पायऱ्या. अठरा जण होतो. पायऱ्यांवर निम्म्यांना धाप लागली, त्यांत तिशीतलेही होते. वर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली २२ लेणी. चैत्यगृहाच्या छताला लाकडी तुळया, आणि पलीकडे १४ स्तूपांचा तो समूह. तिथे बसून भाकरी खाल्ली की लगेच टेस्टोस्टेरॉन वाढतो असे मी सांगणार नाही, तसे होत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे जागतिक आरोग्य संघटना सांगते, महिन्यातून एक सहल त्यात कुठे पुरणार? पण भाज्याच्या पायऱ्यांवर लागलेली धाप घेऊन माणूस घरी येतो आणि दुसऱ्या दिवशीपासून कामावरून येताना दोन स्टॉप आधी उतरतो. हे मी आमच्यातल्या चौघांच्या बाबतीत पाहिले.

दुसरे असे की चालताना माणूस बोलतो. समोर बघून चालायचे असते, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. उतरताना एक काका, वय ५४, माझ्या बरोबरीने आले आणि म्हणाले, "तुला म्हणून सांगतो, दोन वर्षं झाली, रात्रीचं जमत नाही." कॅप्सूलवर किती पैसे घातले ते सांगताना त्यांनी आकडा दोनदा बदलला. मी म्हटले, काका, आधी साखर आणि बीपी बघू. तीन महिन्यांची साखर निघाली ९.४. साखर, बीपी, तंबाखू यांनी रक्तवाहिन्या आखडतात, आणि तिथल्या वाहिन्या बारीक असल्यामुळे त्रास अनेकदा आधी तिथे दिसतो, हृदयाचा मागाहून. म्हणून अशी तक्रार असेल तर औषधाच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे. लपवून काका फक्त साखर वाढवत होते.

आता कॅमेऱ्याबद्दल. आमच्यातल्या एका पोराने छातीला बांधायचा ॲक्शन कॅमेरा हप्त्यांवर घेतला, दुसरा ड्रोनच्या मागे लागला आहे. माझे मत विचाराल तर हप्त्यांचा कॅमेरा झोप उडवतो. काच तडकलेला फोनसुद्धा पुरतो. पण कॅमेरा हातात असणे मला आवडते, हेही सांगतो. आम्ही नियम केला : प्रत्येकाने स्वतःचा एकही फोटो न काढता लेण्यातल्या एका गोष्टीचे पाच फोटो काढायचे. मग माणसे उकिडवी बसतात, पुन्हा वर चढतात, ऊन सरकायची वाट बघतात. तीन तास कसे गेले कळत नाही आणि फोनमधली पावले बारा-तेरा हजारांवर गेलेली असतात. अजिंठ्याची चित्रे उतरवायला १८४४ साली नेमलेला मेजर रॉबर्ट गिल वर्षानुवर्षे तिथे राहिला, आणि पुढे कॅमेरा हाती धरून लेण्यांचे फोटो काढू लागला. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे मोठे बिऱ्हाड असायचे. आपल्याला खिशात मिळाला आहे.

काळजी मात्र हवी. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला असतो, धबधब्याच्या कडेला सेल्फीसाठी पाठ करून उभे राहू नये. कपारींना आग्यामोहोळ असते, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला मनाई आहे. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांवर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, तेव्हा त्या पोराने पैसे वाचवावेत. छातीत दुखणे, डावा हात भरून येणे, घाम फुटणे असे काही झाले तर तिथेच थांबून १०८ ला फोन करायचा, "थोडं बसतो, बरं वाटेल" म्हणत वेळ घालवायचा नाही.

सौ. विचारते, "आम्हाला काय गुडघे नाहीत का? आमची साखर वाढत नाही का?" बरोबर आहे तिचे. पुढची सहल लेण्याद्रीला, जुन्नरच्या एसटीने, या वेळी घरच्यांसह. पायऱ्या भरपूर आहेत, पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. आदल्या रविवारी सकाळी सात ते नऊ मी साखरेच्या पट्ट्या, बीपीचे मशीन आणि टेप घेऊन विहारात बसेन. उपाशीपोटी यावे.