बटण शेजाऱ्याच्या हातात असेल तर स्वातंत्र्य कसले?

८ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनिया या तीन बाल्टिक देशांनी रशिया व बेलारूसच्या वीजजाळ्याशी असलेले शेवटचे जोड तोडले. एक दिवस हे तिन्ही देश स्वतःच्या जोरावर चालले. ९ फेब्रुवारीला पोलंडमार्गे ते युरोपच्या मुख्य ग्रीडला जोडले गेले. सोव्हिएत संघातून बाहेर पडून त्यांना तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. तरी त्यांच्या विजेची नाडी त्या दिवसापर्यंत मॉस्कोच्या हातात होती.

यावर आपल्याकडे एक ठरलेली प्रतिक्रिया उमटते. 'हा सगळा अमेरिकेचा खेळ आहे. स्वस्त रशियन ऊर्जा सोडून हे चिमुकले देश महागाईच्या खाईत गेले. एका मालकाची चाकरी सोडली आणि दुसऱ्याची धरली.' असे म्हणणाऱ्यांत आमचे पुरोगामी मित्रही आहेत. साम्राज्यवादाला त्यांचा विरोध आहे, पण तो साम्राज्यवाद मॉस्कोचा असला की त्यांची जीभ जड होते. म्हणून त्यांच्याशी आम्हाला दोन हात करायचे आहेत.

आधी 'स्वस्त' या शब्दाचा हिशेब करू. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. एप्रिलमध्ये मॉस्कोने तेल बंद केले, गॅस मोठ्या प्रमाणात कापला. ही नाकेबंदी जवळपास अडीच महिने चालली. पाश्चात्त्य राष्ट्रांनी सहानुभूती दाखवली, मान्यता मात्र दिली नाही. शेवटी लिथुआनियाला स्वातंत्र्याची घोषणा तात्पुरती स्थगित ठेवण्याची तयारी दाखवावी लागली. एकटा देश इंधनाअभावी कसा वाकवला जातो, याचा हा धडा होता.

आम्हाला हा प्रकार परका वाटत नाही. मुंबई इलाख्यात सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध सामाजिक बहिष्काराचे हत्यार कसे चालते, हे त्या समितीच्या १९३० च्या अहवालाने नोंदवले. ज्याची रोजीरोटी गावच्या जमीनदाराच्या हातात, त्याला मारण्याची गरजच नसते. काम बंद, वाट बंद, दुकान बंद, की माणूस गुडघ्यावर येतो. गावात जे बहिष्काराने होते, तेच राष्ट्राराष्ट्रांत गॅसच्या वाहिनीने होते. अशा परावलंबनात मिळणारी स्वस्ताई म्हणजे गप्प बसण्याची मजुरी.

आणि ती स्वस्ताई तरी खरी होती का? लिथुआनिया आपला सगळा गॅस गाझप्रोमकडून घेत होता, आणि युरोपातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी एक दर मोजत होता. दुसरा दुकानदारच नव्हता, मग भाव कोण पाडणार? मग त्यांनी क्लायपेदा बंदरात द्रवरूप गॅस उतरवून घेणारे जहाज आणायचे ठरवले. त्याचे नाव 'इंडिपेंडन्स'. दक्षिण कोरियात बांधलेले, नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेले हे जहाज ऑक्टोबर २०१४ मध्ये बंदरात आले. पण गाझप्रोमने दर सुमारे वीस टक्क्यांनी उतरवला तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात, जहाज यायच्या आधीच! दुसरा दरवाजा उघडतो आहे एवढे दिसले तरी मालकाची भाषा बदलते.

विजेचे प्रकरण अधिक किचकट. ग्रीडमधली सगळी जनित्रे एकाच तालात फिरावी लागतात. तो ताल म्हणजे पन्नास हर्ट्झची वारंवारता. २००१ च्या करारानुसार रशिया, बेलारूस आणि बाल्टिक देश एकाच तालात होते आणि ताल मॉस्को सांभाळत होते. मे २०२२ मध्ये रशियन वीज विकत घेणे बंद झाले, तरी हा ताल सुटला नव्हता. खरेदी बंद करणे म्हणजे मुक्त होणे नव्हे, हे इथे दिसते.

हा ताल सोडवायला पैसा लागला, यंत्रे लागली, वर्षे लागली. २०१८ मध्ये तिन्ही देश, पोलंड आणि युरोपीय आयोग यांच्यात कामाचा आराखडा ठरला. ग्रीड स्थिर ठेवणारे अवजड फिरते यंत्रसंच, म्हणजे सिंक्रोनस कंडेन्सर, तिन्ही देशांत बसवले गेले. सुमारे १६० कोटी युरोंच्या या खर्चातला तीन चतुर्थांश वाटा युरोपीय संघाने उचलला. एकट्या लिथुआनियाला किंवा एकट्या एस्टोनियाला हे कधीच झेपले नसते.

'म्हणजे मालकच बदलला ना?' नाही. पण हा प्रश्न आम्ही झटकतही नाही, कारण मित्रराष्ट्रे संत नसतात. रशियाचा गॅस समुद्राखालून थेट स्वतःकडे आणणारी नॉर्ड स्ट्रीम वाहिनी जर्मनीने २०११ मध्ये सुरू होऊ दिली. पोलंड आणि बाल्टिक देशांच्या जिवाचे काय, हे तेव्हा विचारले गेले नाही. त्या गॅसला जर्मनीतली ओपल वाहिनी अधिक मोकळी करून देण्याचा युरोपीय आयोगाचा निर्णय पोलंडने न्यायालयात खेचला. लिथुआनिया आणि लाटविया पोलंडच्या बाजूने उभे राहिले. जुलै २०२१ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने जर्मनीचे अपील फेटाळले. ऊर्जेच्या बाबतीत परस्पर एकजूट हे नुसते भाषणातले तत्त्व नाही, ते कायद्याने बंधनकारक आहे, असे न्यायालयाने सांगितले.

मालक आणि मित्र यांतला फरक हाच. मालकाच्या दारात अर्ज करावा लागतो, मित्रांच्या संघात मत असते आणि अन्याय झाला तर दाद मागता येते. कृपेवर उभी असलेली मैत्री आम्हाला नको. कायद्यावर उभी असलेली हवी.

मात्र आमच्या पाठिंब्याला एक अट आहे. देश मुक्त झाला म्हणून देशातला प्रत्येक माणूस मुक्त होत नाही. इग्नालिना अणुवीज केंद्र बंद करणे ही लिथुआनियाच्या संघप्रवेशाची अट होती. अणुभट्ट्या चेर्नोबिलच्या जातीच्या असल्याने अट गैर नव्हती. पण २००९ च्या अखेरीस केंद्र बंद झाले आणि स्वतःच्या विजेचा मोठा भाग देणारा आधार गेला. विसागिनास हे त्याच केंद्रासाठी वसवलेले, बहुतांशी रशियन भाषिक कामगारांचे गाव. त्याची झळ त्यांनी सोसली. एस्टोनियाच्या ईशान्येला ऑइल शेल नावाचा खडक खणून वीज करणारे कामगारही बहुतांशी रशियन भाषिकच. १९९१ नंतर एस्टोनिया आणि लाटवियाने सोव्हिएत काळात येऊन राहिलेल्या लाखो लोकांना आपोआप नागरिकत्व दिले नाही. मॉस्कोच्या गुन्ह्याचा हिशेब या कामगारांकडून मागायचा का? ऑगस्ट २०२२ मध्ये बाल्टिक बाजारात विजेचा दर एका तासासाठी मेगावॉट तासाला चार हजार युरोंवर गेला. त्या साली तिन्ही देशांत महागाईने वीस टक्क्यांची रेषा ओलांडली. ते बिल सर्वांत जड कोणाला गेले असेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

१९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी विजेचे धोरण हाताळले. वीज सार्वजनिक मालकीची असावी की खासगी, आणि ती गरिबाला परवडेल अशी स्वस्त व मुबलक कशी मिळेल, हे प्रश्न त्यांनी १९४३ मध्येच पुढे ठेवले होते. तोच निकष आम्ही इथे लावतो. बटण शत्रूच्या हातातून काढून घेतले, हे योग्यच झाले. आता ते बाजारातल्या सट्टेबाजाच्या हातात जाऊ नये, आणि नार्वाच्या कामगारालाही त्या उजेडात बरोबरीची जागा मिळावी.

जे मित्र अजून 'स्वस्त' गॅसचे गोडवे गातात, त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. गावचा पाटील धान्य स्वस्त देतो म्हणून त्याच्या दारात उभे राहा, असे तुम्ही आम्हाला सांगाल का? सांगणार नसाल, तर लिथुआनियाला का सांगता?