साठ खुर्च्यांचं गाणं

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. त्याच महिन्याच्या २८ तारखेला भुवनेश्वरच्या भाषणात पंतप्रधानांनी याच कार्यक्रमांचा दाखला दिला आणि ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’ला आपल्या देशात किती वाव आहे, ते सांगितलं. हॉटेलं भरतात, टॅक्सीवाल्यांना धंदा मिळतो, पर्यटक येतात. खोटं काहीच नाही त्यात. पण मैत्रिणींनो, गाण्याची एक दुसरीही अर्थव्यवस्था असते. ती साठ खुर्च्यांत मावते आणि तिच्याबद्दल कुणी भाषण करत नाही. आज तिच्याविषयी थोडं बोलू या.

स्वतःचं गाणं स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची आणि समोर बसलेल्या चार माणसांना गाऊन दाखवायचं. हल्लीची मुलं याला ‘इंडी फोक’ म्हणतात. म्हणजे कुठल्या मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, लोकसंगीताच्या अंगानं गाणारा कलाकार. नाव नवं आहे, पण माणूस आपल्या चांगला ओळखीचा. वामनदादा कर्डक दुसरं काय करत होते? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षरं शिकला, हजारो गाणी लिहिली आणि २००४ मध्ये जाईपर्यंत वस्त्यावस्त्यांतून गात राहिला. आणि आपली बहिणाबाई? तिचं रंगमंदिर म्हणजे जातं नि शेताचा बांध. श्रोते म्हणजे घरातली माणसं. मुलानं, सोपानदेवांनी गाणी उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर वर्षभरात, ती पुस्तकात आली. नाहीतर हवेत विरूनच गेली असती.

किती जणींची विरून गेली असतील! हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनं त्या सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. एक लाख! म्हणजे गाणं रचणाऱ्या बायकांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. वाण होती ती ऐकणाऱ्यांची. दोन बायका समोरासमोर बसून दळत, तेवढीच काय ती मैफल.

लहान जागेतून मोठं होण्याची ही रीत जगभर आहे. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या कॉफीच्या दुकानांत बॉब डिलन गायचा, तेव्हा तिथं गाणं संपलं की टोपली फिरायची. लोक सुटे पैसे टाकायचे, तीच बिदागी. ट्रेसी चॅपमन ही कृष्णवर्णीय मुलगी कॉलेजात शिकताना रस्त्याच्या चौकात गिटार घेऊन उभी राहायची. १९८८ साली तिची पहिली तबकडी आली आणि ती जगाला कळली. २००९ मध्ये लंडनमध्ये ‘सोफार’ नावाचा उपक्रम सुरू झाला. कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमिनीवर बसायचं आणि समोर जो कलाकार येईल त्याला मोबाइल बाजूला ठेवून ऐकायचं. तो पुढं आपल्या मोठ्या शहरांतही आला. आपल्याकडच्या बायकांना यात नवल वाटायचं कारण नाही. दिवाणखान्यातली सतरंजी हे भजनी मंडळाचं हक्काचं ठिकाणच आहे.

आपल्या मराठीत २००३ साली संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू केलं. एकानं लिहिलेलं, दुसऱ्यानं चाल दिलेलं, दोघांनी समोर बसून म्हटलेलं. लोकांना ते इतकं आपलंसं वाटलं, कारण कवी समोर होता. बायकांच्या बाबतीत त्याच्याही वीस वर्षं आधीचं उदाहरण आहे. १९८३ सालचं ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’. स्त्रीमुक्ती संघटनेच्या बायकांनी गाण्यांनी भरलेलं हे नाटक चौकात, शाळेत, वस्तीच्या मोकळ्या जागेत हजारो वेळा केलं. ना पडदा, ना दिवे. हुंड्याबद्दल, मुलगी नको म्हणण्याबद्दल एखाद्या व्याख्यानानं जे झालं नसतं, ते त्या गाण्यांनी केलं. कारण बायका ते हाताच्या अंतरावरून ऐकत होत्या.

आता आमच्या करंजाडेविषयी. पनवेलला लागून असलेली ही सिडकोची नवी वसाहत. मूळ गाव आगरी मंडळींचं. आजूबाजूला मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेली आमच्यासारखी कुटुंबं. उंच इमारती आहेत, पार्किंग आहे, दर चौकात मेडिकल आहे. पण साठ-सत्तर माणसांनी बसून काही ऐकावं अशी, खिशाला परवडणारी जागा शोधायला निघालं की दमायला होतं. पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह चांगलं आहे, पण ते मोठ्या नाटकांसाठी. एकटी मुलगी गिटार घेऊन गाणार म्हणून कुणी नाट्यगृहाचं भाडं भरू शकत नाही. मग उरतो सोसायटीचा हॉल.

आमच्या महिला मंडळानं गेल्या वर्षी असा कार्यक्रम करायचं ठरवलं. कल्याणकडची एक मुलगी, पंचविशीतली, स्वतः लिहिते, गिटारवर गाते, सोबत मैत्रीण दिमडी वाजवते. एका सोसायटीच्या कमिटीकडे हॉल मागायला गेलो तर पहिला प्रश्न, “आवाज होईल ना?” त्याच हॉलमध्ये आदल्या शनिवारी वाढदिवसाला खिडक्या थरथरेपर्यंत डीजे वाजला होता! खरं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. एका छोट्या स्पीकरचं बंद हॉलमधलं, संध्याकाळी सातचं गाणं त्यात कुठं बसत नाही? हे कागदावर लिहून दिलं. मग दुसरा प्रश्न आला, “गाण्यात राजकारण-बिजकारण नाही ना?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट आठवा. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. वीरा साथीदार यांनी त्यात रंगवलेला म्हातारा शाहीर वस्तीतल्या साध्या स्टेजवर गात असतानाच पोलीस त्याला घेऊन जातात. ती कथा आहे. पण पुण्याच्या शाहीर शीतल साठे एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाल्या तेव्हा गरोदर होत्या, ती बातमी होती. जूनमध्ये उच्च न्यायालयानं त्यांना जामीन दिला. खटल्याच्या गुणदोषांत मी जात नाही, तो माझा अधिकार नाही. पण एवढं खरं, की स्वतःचं गाणं लिहिणारी बाई दुसऱ्याचं गाणं म्हणणारीपेक्षा जास्त डोळ्यांत येते. सिनेमातलं गाणं म्हणा, कुणी विचारत नाही. स्वतःचं म्हणा, की शब्द तपासले जातात. घरातही हेच नाही का? सुनेनं ‘लग जा गले’ म्हटलं तर कौतुक, आणि सासरच्या स्वयंपाकघरावर चार ओळी रचल्या तर भुवया वर!

शेवटी हॉल मिळाला. चोपन्न बायका आल्या. सातला सुरू, पावणेनऊला संपलं, कारण साडेनऊला घरोघरी पानं वाढायची असतात. पोरं मांडीवर होती, कुणी मेथी निवडत ऐकत होती. त्या मुलीनं अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलवर गाणं म्हटलं, टँकरची वाट बघणाऱ्या बाईवर म्हटलं, आईनं न वापरलेल्या सुटकेसवर म्हटलं. सुटकेसच्या गाण्यानंतर टाळ्याच पडल्या नाहीत. कुणालाच सुचेना. मग मागून एकीनं विचारलं, “तुझी आई गेली का मग कुठं?” तीही हसली आणि बोलती झाली. मोठ्या स्टेडियममध्ये ही सोय नसते. तिथं गायक एक ठिपका असतो, आपण त्याला पडद्यावर बघतो.

त्या दिवशी मूळ गावातल्या एक आजी आल्या होत्या. त्या धवलारीण. आगरी लग्नात विधी चालू असताना ‘धवले’ गाणारी बाई म्हणजे धवलारीण, तिच्याशिवाय पूर्वी लग्नच लागत नसे. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीनं आजींना गायचा आग्रह केला. आजी म्हणाल्या, “आता कोन आयकतंय गो बाय! हलदीला डीजे लागला का माजाच आवाज मना आयकू येत नाय.” मग तरी दोन धवले म्हटले. माइक न घेता. साठ खुर्च्यांच्या खोलीत तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचला.

आता हिशेब, कारण भावनेनं कलावंताचं पोट भरत नाही. शंभर रुपये तिकीट, ५,४०० जमले. हॉलचे ५००, स्पीकरचे १,२००, चहा-बिस्किटांचे ७००. उरले ३,०००. त्यात दोघी मुली, त्यांचा कल्याणहून येण्या-जाण्याचा खर्च. अ‍ॅपवर कुणी गाणं एकदा ऐकलं तर कलाकाराच्या हाती अख्खा रुपयाही पडत नाही. त्यामानानं हे बरेच म्हणायचे. पण महिन्याला असा एकच कार्यक्रम मिळाला तर ती मुलगी दोन वर्षांत गिटार माळ्यावर टाकेल आणि कुठंतरी नोकरी धरेल. सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, पन्नाशी ओलांडलेल्यांना महिना पाच हजार मिळतात. ते हवंच. पण पंचविशीतल्या मुलीनं पन्नाशीपर्यंत कला टिकवायची कशी? एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडुबाई खरात मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे घराघरांत पोचल्या. पण त्याआधीची कित्येक वर्षं दारोदार गाऊन काढली होती. प्रत्येकीच्या नशिबी असा व्हिडिओ येईल, या भरवशावर का राहायचं?

मला वाटतं, उपाय आपल्याच हातात आहे आणि तो महागडा नाही. पनवेल, उरण, पेण, खोपोली इथल्या चार मंडळांनी ठरवलं, की एका आठवड्यात एका गायिकेला चौघींकडे बोलवायचं, तर तिचे बारा हजार होतात आणि प्रवासही वाचतो. हळदीकुंकवाच्या वाणात आपण प्लॅस्टिकचे डबे वाटतो. एक वर्ष डबे नकोत, गाणं वाटू या. लग्नाच्या हळदीला डीजे येण्याआधी धवलारणीला अर्धा तास द्या, आणि तिचं पाकीट डीजेवाल्याच्या पाकिटाइतकं नसलं तरी लाज वाटणार नाही इतकं असू द्या. फुकट मात्र बोलावू नका. ‘तेवढीच प्रसिद्धी होईल’ हे वाक्य आपण शिवणकामवालीला म्हणत नाही, मग गाणाऱ्या मुलीला का म्हणावं?

सिडको आणि पनवेल महापालिकेकडेही एक मागणं आहे. नव्या वसाहतीत समाजमंदिरं बांधताना एक साठ-सत्तर माणसांची खोली ठेवा, संध्याकाळी तासाच्या भाड्यानं द्या, आणि येण्याजाण्याच्या रस्त्यावर दिवे ठेवा. बायका कार्यक्रमाला येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी परतीचा रस्ता बघावा.

आणि तुमच्या सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत, पार्किंगचं भांडण संपलं की, एक ठराव जरूर मांडा: महिन्यातली एक संध्याकाळ हॉल गाण्यासाठी, वाचनासाठी, बायकांच्या कार्यक्रमासाठी नाममात्र दरात मिळेल. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक शेजारणीला करा. आमच्याकडे हा ठराव पहिल्यांदा बारगळला, दुसऱ्या सभेत मंजूर झाला.