पाटीवरचा आडवा हात

गणित सोडविताना पाटीवर हात आडवा धरणारा मुलगा प्रत्येक वर्गात एक तरी असतोच. परवा नांदेडास तोच हात मी संगणकाच्या पडद्यापुढे पाहिला, आणि तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा होता!

ही अभियांत्रिकीची पोरे ‘कोड गोल्फ’ नावाचा खेळ खेळतात. गोल्फमध्ये कमी फटक्यांत चेंडू खळीत घालील तो जिंकतो. येथे कमीत कमी अक्षरांत प्रोग्रॅम लिहील तो. त्या दिवशीचा डाव ६१७४ चा होता. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि असेच करीत राहा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४! कोणतीही घ्या, सातांहून अधिक पायऱ्या लागत नाहीत.

माझ्या शिष्याचा प्रोग्रॅम सर्वांत तोकडा निघाला. पण डाव संपला तरी तो दाखवीना. म्हणाला, “सर, डोकं मी चालवलं. फुकट का वाटू?”

हे वाक्य त्याचे नव्हे. लातूरच्या एका क्लासात दोन वर्षे फी भरून ते त्याने विकत आणले आहे. तेथे नोट्स बाहेर दाखविणे हा गुन्हाच! लातूर पॅटर्नने खेड्यांतील कितीतरी पोरे डॉक्टर, इंजिनिअर केली, हे मी नाकारीत नाही. परंतु शेजाऱ्याला सांगितले की आपले गुण घटतात, ही शिकवणही त्याच बाजारातली.

कोणी म्हणतील, असली तोकडी अक्षरे व्यवहारात काय कामाची? नसतील. पण अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आपले जुने लोक म्हणत. तथापि पाणिनीची सूत्रे पतंजलीने महाभाष्यात उलगडली, म्हणून ती विद्या झाली. एरवी कोडेच राहिली असती. या खेळाची खरी मौजही डाव संपल्यावरच आहे. उत्तरे उघडी होतात, एकाची युक्ती दुसरा उचलतो आणि आणखी दोन अक्षरे उडवितो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. मला त्याचा प्रोग्रॅम कळला नसता. एवढेच विचारले, “बाबा रे, हा ६१७४ कोणाचा?”

त्याला ठाऊक नव्हते. देवळालीच्या द. रा. कापरेकर नावाच्या शाळामास्तराने १९४९ साली तो शोधला आणि जगाला सांगून टाकला. त्यांनी पाटीवर हात धरला असता तर हा डाव मांडला तरी कशावर असता?